माझ्या रिपोर्टमधले सुनंदाबाईंचे आकडे

सुनंदाबाई काल गेल्या. मी त्यांच्यावर आयुष्यभर जळले.

हो, जळले. मैत्रीण-बित्रीण असलं गोड काही लिहिणार नाही.

गिरणी संपात त्यांच्या नवऱ्याची परळची गिरणी बंद पडली, ती कायमचीच. माहीमच्या कोळीवाड्यातल्या सुनंदाबाईंनी मासळीची पाटी खाली ठेवली आणि भरती-ओहोटीची नोंद ठेवणाऱ्या आमच्या ऑफिसात टेम्पररी लागल्या.

काम एकच. खाडीत आकडे कोरलेला खांब होता. भरतीचं पाणी त्यावर कुठवर चढलं, ते रोज वहीत लिहायचं.

मी फणसवाडीची. एम.एस्सी. त्यांची साहेबीण.
मी भरतीची वेळ छापील टेबलात शोधायचे. त्या बोटांवर तिथीची पाऊणपट करायच्या.

"अष्टमी ना आज? म्हंजे सहाला. चला मॅडम, तवर चहा घेऊ."

भरती सहालाच यायची. मला चहा कडू लागायचा.

बाहेरचे शास्त्रज्ञ आले की नमस्कार मला, प्रश्न सगळे त्यांना. गाळ कधीपासून वाढला, कुठली मासळी दिसेनाशी झाली. त्या सांगणार, मी इंग्रजीत सांगणार. एवढी शिकून मी दुभाषी!

मग काही वर्षांनी त्यांची उधाणाची रीडिंग छापील टेबलातल्या उंचीच्या वर जायला लागली.

मला आनंद झाला. बाई चुकल्या एकदाच्या!

रिपोर्टच्या फेअर कॉपीत मी त्यांचे आकडे खाली ओढून टेबलाशी जुळवले. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

फेअर कॉपी त्यांच्या हाती लागलीच. आवाज मात्र चढवला नाही.
"मॅडम, पाणी काय तुमचा कागद वाचून चढतं? अवसेला या माझ्यासंगती."

गेले. भर दुपारी पाणी टेबलाच्या पुष्कळ वर होतं. त्यांची नणंद ओट्यावरची सुकी मासळी घाईघाईने घरात नेत होती.
"आता दर उधाणाला येतंय," ती म्हणाली.

त्यानंतर मी त्यांच्या आकड्यांना हात लावला नाही. पण आधी खाली ओढलेले दुरुस्तही केले नाहीत.

साहेबांनी विचारलं, जुने आकडे एवढे कमी कसे? मी म्हटलं, "बाई टेम्पररी आहेत, चुका झाल्या असतील."

त्या एका वाक्याने त्यांचं पर्मनंट होणं कितीतरी लांबलं. नवरा घरी बसलेला असताना.

काल कोळीवाड्यातली एकही होडी समुद्रात गेली नाही. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी ते बघत होते आणि मनात काय यावं? माझ्यासाठी कोण काय थांबवणार?
तिथेही जळले. काय म्हणावं मला!

त्यांच्या मुलीशी बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहिते.

चूक बाईंची नव्हती. आकडे मी बदलले होते. त्यांच्या हातची मूळ वही माझ्या कपाटात आहे. उद्या ती वही मी त्यांच्या मुलीला बरोबर घेऊन ऑफिसात देणार आहे, मुलगी आली तर.

सुनंदाबाई, हे तुम्ही असताना बोलायला हवं होतं.
भरल्या डोळ्यांनी नमस्कार.