पोरीचं गुजरात चुकलंय

दुसऱ्यांच्या साडीत माझ्या बायकोइतकं लक्ष घालणारी बाई पुण्यात झाली नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी ती बसल्या जागी गेली. त्याच्या आधी तासभर तिनं मला स्वयंपाकघरात उभं करून कूर्गची साडी नेसवली होती. जवळच्या शाळेचं गॅदरिंग होतं, पोरींना नेसवायच्या आधी हात बसवायचा होता. आमचं दोघांचं शेवटचं काम ते.

मी चौथी शिकलेला, जन्म कारखान्यात गेला. पण कुणाच्या निऱ्या पुढं, कुणाच्या मागं, हे मला अंगावरून पाठ आहे. विश्रांतवाडीच्या आमच्या चाळीत पूर्वी लांबलांबचे लोक राहायचे. कूर्गची बाई निऱ्या मागं घालायची, गुजरातणीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढं, बंगालीणबाईच्या पदराला किल्ल्यांचा जुडगा. ही तिघींकडून नेसणं शिकली आणि त्यांना नऊवारीचा काष्टा शिकवला. स्वतः कधी आळंदीच्या पुढं गेली नाही. घरात मुलगी नाही, म्हणून नऊवारीसकट सगळा सराव माझ्यावर. म्हणायची, "तुमचं बरंय, हलत नाही आणि बोलतही नाही." एकदा असाच उभा असताना गॅसवाला आला. त्यानं सिलिंडर ठेवला, छताकडं बघत म्हणाला, "सही कोण करणार?" मी पाऊल उचललं तर ही ओरडली, "हलू नका, निऱ्या सुटतील." त्या बिचाऱ्यानं कागद माझ्यापर्यंत आणून दिला.

एका गॅदरिंगला तर ही नाच चालू असताना स्टेजवर चढली. शाळेच्या बाई म्हणाल्या, "अहो मावशी, कार्यक्रम सुरू आहे." ही म्हणाली, "सुरू राहू द्या. त्या पोरीचं गुजरात चुकलंय." पदर सरळ करूनच उतरली. टाळ्या तिलाच जास्त पडल्या.

माझी बहीण वारली तेव्हा बायकांनी तिच्या अंगावर नुसती साडी पसरली होती. घरी येऊन ही चहासुद्धा प्यायली नाही. "चादर टाकतात तशी टाकली. मला असं पाठवलंत तर याद राखा. काष्टा घालूनच न्यायचं."

"आधी मीच जाणार," मी म्हणालो.

"जा. तुमचं काय, धोतर गुंडाळलं की झालं."

गेली तीच आधी. मुलगा बेंगळुरूहून यायचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचं ठरलं. बायका जमल्या. एकजण हळूच म्हणाली, "काका, आता अंग ताठलंय. साडी वरून घालू."

"नाही. नेसवायची. नऊवारी."

काष्टा शिकलेल्या त्या तिघी केव्हाच फ्लॅट घेऊन गेल्या. आताच्या पोरी लग्नात शिवलेली नऊवारी घालतात, सलवारीसारखी पाय घालून चढवायची. शेवटी शेजारची सून म्हणाली, "आम्हाला येत नाही हो काका."

मी दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून बसलो. म्हणालो, "मी सांगतो तसं करा. आधी कमरेला वेढा द्या, पुढं गाठ मारा. आता निऱ्या."

"काष्टा मागं जात नाहीये, काका."

"दोघींनी कुशीवर धरा. घाई नाही."

बराच वेळ आतून नुसता बांगड्यांचा आवाज आला. मग शेजारच्या सुनेनं विचारलं, "पदर?"

"डोक्यावरून घ्या," मी म्हणालो. "आणि घट्ट ओढू नका. तिला मोकळं लागतं."