पान्यावरचा नंबर

आमच्या ह्यांच्या खिशात काय नसायचं! स्क्रू, वायसर, तारेचे तुकडे, वर अर्धी खाल्लेली सुपारी. हे हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीवर होते. सुट्टीला उमेळ्याला घरी आले की कपडे भिजवण्याआधी खिसे उलटे करणं हे माझं पहिलं काम.

कामाला माणूस वाघ, त्यात वाद नाही. पण जुन्या वळणाचा. काम संपलं की हत्यारांची पेटी उचलून बघायची; वजन हाताला पटलं की सगळी हत्यारं आत आली, हे ह्यांचं शास्त्र. नव्वदीनंतर ह्यांच्या तळावर नवी पद्धत आली. प्रत्येक पान्याला पेटीत त्याच्याच मापाची खाच, प्रत्येकावर कोरलेला नंबर, आणि एक जरी कमी भरला तर विमान जमिनीवर. ते रीतसर शिकून आलेला एक तरुण तंत्रज्ञ ह्यांच्या हाताखाली होता. सुट्टीत घरी बसून हे त्याच्या नावानं खडे फोडायचे.

"आता कालची पोरं आमाला मोजायला शिकवनार!"

"शिकवू देत की," मी म्हणायची. "तुम्हाला घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही."

एका गणपतीत हे रात्री उशिरा आले आणि सकाळीच फोन वाजला. त्याच मुलाचा. पेटीत एक छोटा पाना कमी होता. त्या विमानाचं शेवटचं काम ह्यांनीच गाडी गाठायच्या घाईत केलं होतं, आणि दुपारी ते उडायचं होतं. मुलानं ते अडवून धरलं होतं, साहेब भडकले होते. ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मी मोरीकडे धावले, पँटचा खिसा चाचपला, आणि हाताला पाना लागला!

"मिल गया!" हे फोनमध्ये ओरडले. "मेरे पास है. उडने दो."

माझा जीव भांड्यात पडला. पण पलीकडून फोन ठेवला गेला नाही. मी खेटूनच उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"सर, उस पर नंबर क्या है?"

ह्यांनी पाना खिडकीशी धरला, उलटा केला, माझ्या पदराला पुसून पुन्हा पाहिला. कुठेच काही कोरलेलं नव्हतं. तो ह्यांचा स्वतःचा पाना होता, वाडीतल्या पंपासाठी घेतलेला.

एखादा नंबर ठोकून देतात की काय, अशी मला धास्ती वाटली. ह्यांनी पाना खिडकीत ठेवला. मग हळूच म्हणाले, "नंबर नहीं है. खोलो विमान."

संध्याकाळी पुन्हा फोन आला. पाना सापडला होता, वैमानिकाच्या आसनाखाली, विमान वळवणाऱ्या दांड्याला लागून.

"वळताना अडकला असता," एवढंच हे बोलले. समोरच्या मोदकांना हात लावला नाही. सुट्टी अर्धवट टाकून परत गेले आणि त्याच मुलाकडे नव्यानं शिकायला बसले. मी अडवलं नाही.

तो मुलगा मी कधी पाहिला नाही, पण त्याचे उपकार मी आजही मानते. त्या दिवशी आरतीला हात जोडले, पण मन सारखं त्या वैमानिकाच्या घरी जात होतं. त्याची आई कोण, कुठली, मला ठाऊक नाही. तिनं त्या संध्याकाळी रोजच्यासारखा स्वयंपाक केला असेल, आणि तो उशिरा आला म्हणून त्याला बोलली असेल.