वन्संची रंगीत तालीम

वन्सं,

तुम्ही गेल्यावर घरी आलेल्या प्रत्येकाने तुमच्या शिस्तीचं कौतुक केलं आणि मी मुकाट्याने मान डोलावली. शिस्त म्हणे! सुट्टीच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी तुमची चादर हलायची नाही. तुम्ही शिस्तीच्या नव्हतात, घाबरट होतात. हे मी तुमच्या तोंडावर शंभरदा सांगितलंय, तेव्हा पाठीमागे बोलते असं कुणी म्हणू नये. घाबरट माणसाने भीतीवर शोधलेला उपाय म्हणजे तुमची ती तालीम. तिची गोष्ट एकदा धड लिहून ठेवते. यात मी येईन ती नुसती भावजय म्हणून. गोष्ट तुमची आहे, मी मधे कडमडणार नाही.

वन्सं औषधांच्या कारखान्यात होत्या. बाटल्यांवर लेबलं लावणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. तिथे अधूनमधून आगीची खोटी घंटा व्हायची आणि सगळ्या बायकांनी मागच्या जिन्याने रांगेत खाली उतरायचं असायचं. बायका वैतागायच्या, खिदळायच्या, पण उतरायच्या. एके वर्षी कोठाराला खरीच आग लागली. धुरात हाताला हात दिसत नव्हता, तरी सगळ्या जणी चिकटवायची राहिलेली लेबलं हातात घेऊन जिन्याने खाली आल्या. कुणाला ठेच म्हणून लागली नाही. त्या दिवसापासून वन्संना गुरुमंत्रच मिळाला. डोकं आयत्या वेळी दगा देतं, पाय देत नाहीत. म्हणून पायांना आधी सांगून ठेवायचं.

लग्न केलं नाही, भावाकडेच राहिल्या, त्यामुळे या मंत्राचा प्रसाद भावाच्या घराला मिळाला. उन्हाळ्यात कुठे जायचं तर आधी जाण्याची तालीम. सगळं सामान तीन मजले खाली न्यायचं, फाटकापाशी मांडायचं, काय राहिलं ते बघायचं आणि पुन्हा वर आणायचं. शेजारचे विचारायचे, निघालात वाटतं? भाऊ म्हणायचा, छे हो, निघून बघतोय. भावजय नवी होती तेव्हा रडकुंडीला आली होती. पुढे तिच्या लक्षात आलं की या घरात काही विसरायला होत नाही, कुणी चुकत नाही, गाडी सुटत नाही. मग तीही पिशव्या उचलून गुमान खाली-वर करू लागली.

भावाला मुलं दोन. थोरला आपल्याच नादात असायचा, त्याला जंगलात सोडला असता तरी त्याने पायमोजे वर ओढून वाट धरली असती. धाकटीला सगळे ठकी म्हणायचे. घोडं अडलं ते ठकीपाशी. पहिल्या वर्षी शाळेत घातली तेव्हा ती रडली म्हणजे काय रडली. उलटी होईस्तोवर. बसच्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकायची, वर चढायची नाही आणि खालीही उतरायची नाही. आठवड्याभरात मोठ्या बाईंनी तिला घरी पाठवलं. वर्षभर थांबा म्हणाल्या, पण पुढच्या वर्षीही असंच झालं तर जागा मिळायची नाही. तसं झालं असतं तर वन्सं आणि भावजय, दोघींपैकी एकीला नोकरी सोडून घरी बसावं लागणार होतं. ती कोण, हा विषय घरात कुणी काढत नव्हतं, त्यामुळे तो सारखा जेवायला सोबत बसायचा.

त्या उन्हाळ्यात ते तळ्याकाठच्या एका भाड्याच्या घरात राहायला गेले. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे तळं. घराच्या अंगाने एक अरुंद रस्ता जायचा आणि वळणावर चुना फासलेला एक दगड होता. रस्त्यावर वाहन असं नव्हतंच. क्वचित सायकल. वन्संनी ट्रंकेतून मुलांचे गणवेश काढले, नवी दप्तरं काढली, डबे काढले. भाऊ म्हणाला, "ताई, निदान इथे तरी मुलांना लोळू दे."

"लोळू देत की दुपारभर. सकाळ माझी."

आणि रोज सकाळी शाळा सुरू झाली. उठायचं, आंघोळ, पाणी लावून भांग, गणवेश, बूट. डबा घ्यायचा. आत्याचा हात धरून दगडापर्यंत यायचं आणि तिथे हात सोडायचा. मग बस आली असं समजायचं. आत्याने आणून ठेवलेल्या विटेवर पाऊल ठेवायचं, हवेतला दांडा धरायचा, चढायचं. मागे वळून बघायचं नाही, कारण बघितलं की रडू येतं. पलीकडच्या झाडाखाली थोडा वेळ बसायचं, म्हणजे झाली शाळा, आणि मग परत यायचं. परत येताना आत्या दगडाशी उभी असणार. ठकीने हे पुन्हापुन्हा वदवून घेतलं होतं. नसलीस तर? असेनच. पाऊस आला तर? भिजेन. भूक लागली तर? उपाशी उभी राहीन, पण इथून हलणार नाही.

पहिल्या दिवशी ठकी विटेवर चढतानाही रडली. मग हुंदक्यांवर आली. मग नुसता ओठ काढायची. भावजय ओट्यावरून बघायची आणि मनात म्हणायची, जमतंय की बाईला.

ज्या दिवशी ठकीचा ओठही हलला नाही, त्याच दिवशी बस आली.

थोरल्याच्या बुटाची नाडी सुटली होती, वन्सं वाकून ती बांधत होत्या. आवाज फारसा आला नाही. मान वर केली तेव्हा बस दगडापाशी उभी होती. धुऊन धुऊन विटलेल्या कापडाला जसा रंग उरत नाही, तशी. कच्च्या कडेला चाकं टेकली होती, पण धूळ उडाली नव्हती. एवढा उन्हाळा आणि सगळ्या काचा बंद. काचांच्या आत मुलं बसलेली, पाणी लावून भांग पाडलेली, मांडीवर डबे घेतलेली. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, कुणी खिडकीला नाक लावलेलं नव्हतं. वन्सं पुढे सांगायच्या, मला भीती कशाची वाटली असेल तर त्या मुलांच्या मानांची. एकही वळली नाही.

बसच्या दारात एक बाई उभी होती. "चला, चला," एवढंच म्हणाली, कुठल्याही शाळेची बाई म्हणते तसं.

ठकीने विटेवर पाऊल ठेवलं, दांडा धरला आणि चढली. शिकवलं होतं तसं, अगदी तंतोतंत. वन्संनी हाक मारली. मागे बघायचं नाही हेही शिकवलेलंच होतं. ठकीने मागे बघितलं नाही. दार लागलं आणि बस वळणाआड गेली.

वन्सं धावल्या, पण चारच पावलं. मग त्यांच्या मनात आलं, ती परत आली आणि मी इथे नसले तर? त्या तशाच मागे आल्या, दगडाला हात लावून उभ्या राहिल्या आणि थोरल्याला घरी पिटाळलं. भाऊ चप्पलही न घालता धावत आला. भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती म्हणत होती, कुठली बस, कसली शाळा, तुम्ही तिला चढू कसं दिलंत? भाऊ सायकल मिळवून एका दिशेने गेला, भावजय दुसऱ्या दिशेने पायी निघाली. जाता जाता तिने वन्संचा दंड धरून ओढला, निदान तुम्ही गावाकडे जाऊन चार माणसं तरी गोळा करा.

"मी इथून हलणार नाही. तिला शब्द दिलाय."

भावजयीला त्या क्षणी या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. शब्द कसला देताय, पोर गेली! पण बोलायलाही वेळ नव्हता.

ऊन चढलं. वन्सं उभ्याच. थोरला ओट्यावरून त्यांना बघत होता. त्याने पाणी आणलं तर त्या हात न लावता म्हणाल्या, आत जा, दार लाव, आणि बस दिसली तरी बाहेर येऊ नकोस. नंतर त्या भावजयीला म्हणाल्या होत्या, मी तेव्हा प्रार्थनाबिर्थना काही केली नाही गं. मी फक्त ठकीचं उतरणं मनात घोकत होते. डावा पाय आधी, मग उजवा. त्याचीही तालीमच.

भाऊ हात हलवत परत आला. रस्ता पुढे जाऊन तळ्याशी संपतो म्हणाला, तिथून पुढे चाकोरीसुद्धा नाही. घरमालक त्याच्यासोबत होता. या काठाला शाळा नाही, कधी नव्हती, असं त्याने सांगितलं. तेवढ्यात बस आली. ज्या वळणाआड गेली होती, त्याच वळणावरून.

ठकी उतरली. डावा पाय, मग उजवा. भांग जसाच्या तसा, दप्तर पाठीला. बस गेली तिकडे कुणी बघितलं नाही, कारण सगळे ठकीकडे बघत होते. ती वन्संकडे बघून म्हणाली, "आत्या, तू खरंच इथेच होतीस." मग वन्सं दगडावर बसल्या आणि पोरीचा चेहरा, हात, कान सगळं चाचपून बघू लागल्या, जणू बाजारातून काही आणलंय आणि बदलून तर दिलं नाही ना, हे बघावं तसं.

घरमालकाने मुलीकडे एकदा बघितलं. "उतरली ना? मग झालं," म्हणाला आणि लगबगीने निघून गेला. भाड्याचे उरलेले पैसेही मागायला थांबला नाही.

भावजय धापा टाकत आली तेव्हा ठकी वन्संच्या मांडीवर बसून पाणी पीत होती. काय केलंस तिकडे? रांगेत उभी राहिले. मग? मग हात वर केले. मग? डबा खाल्ला, धुतला. रडलीस? नाही, तिथे कुणीच रडत नाही.

"बाई म्हणाल्या, आज नुसती तालीम होती," ठकी म्हणाली. "खरी शाळा उद्यापासून."

वन्सं उठल्या आणि घरात जाऊन ट्रंक भरायला लागल्या. भावजयीने त्यांना प्रथमच तालमीशिवाय निघताना बघितलं. कपडे दोरीवर राहिले, साबण राहिला, भावाचा चष्मा राहिला. ऊन उतरायच्या आत ते तिथून निघाले होते.

शाळा उघडली त्या दिवशी ठकी बसमध्ये चढली, मागे न बघता. मोठ्या बाईंनी निरोप पाठवला, मुलगी फारच शहाणी झाली आहे. नोकरी कुणालाच सोडावी लागली नाही. घरी आल्यावर ठकीची एवढीच तक्रार होती की इथली मुलं फार बोलतात. वन्संनी मात्र त्यानंतर कशाचीच तालीम केली नाही. कारखान्यात खोटी घंटा झाली की त्या जागेवरच बसून राहायच्या. वरिष्ठांनी दोनदा तंबी दिली, तरीही. ठकी शाळेतून यायच्या वेळेला मात्र त्या खाली फाटकाशी दिसायच्या. ती कॉलेजात जायला लागली तरी. पोरगी लाजायची, मैत्रिणींना सांगायची, आत्या वाणसामानाला आली असेल. हातात पिशवीसुद्धा नसायची.

आणि ठकीने तिथून आणलेला तो डबा, वन्सं. सामान लावताना माझ्या हाती आला तेव्हाच मी म्हटलं, हा आपला नव्हे. आकार तोच, पण कडी उलट्या अंगाला. आत लख्ख धुतलेला, पुसलेला. तुम्ही हातात घेऊन बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, कुणाचं तरी पोर तिथे आपल्यामुळे बोलणी खात असेल गं, परत दिला पाहिजे. मुलांना न नेता आपण दोघींनी जायचं, दगडावर ठेवायचा आणि परत यायचं, असं ठरलं. त्या उन्हाळ्यात ठकीला कांजिण्या, पुढच्या उन्हाळ्यात तुमचा दात, मग थोरल्याची परीक्षा. सबबींना काय तोटा. एकदाच आपण खरोखर निघालो. तिकिटं काढलेली, डबा पिशवीत, तुम्ही चपला घालून दारात उभ्या. मी कुलूप शोधत होते.

तुम्ही विचारलंत, "त्या बसमधल्या बाईंनी विचारलं, मुलगी का पाठवली नाहीत, तर काय सांगायचं?"

मी काहीतरी थट्टा केली, ती तुम्ही ऐकली नाहीत. तुम्ही चपला काढल्यात, आत येऊन बसलात, आणि मी कुलूप पुन्हा खिळ्याला अडकवलं.