रविवारचं कुलूप

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूला, आमच्या शाळेत, पेपर तपासत बसले होते. "छाया… वैनी गेली गं तुझी," दादा म्हणाला. "उद्या दवाखान्यातून घरी नेतो म्हणलो होतो तिला. ते ऱ्हाऊनच गेलं." पोटाच्या दुखण्यानं महिनाभरात तिला संपवलं. सुजाता वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. परभणीजवळच्या झरीच्या पुढं आमचं गाव आहे, तिथल्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती आणि अलीकडेच निवृत्त झाली होती. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणायचं. मी तिची नणंद, त्यामुळे आमची भांडणं भरपूर झाली आणि हसणं त्याहून जास्त झालं. तिच्यासाठी नीट रडावं एवढीच माझी इच्छा होती, पण पुण्यानुमोदनाच्या भाषणांनी तेही धड होऊ दिलं नाही. त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

समाजमंदिरासमोर मांडव होता. बुद्धवंदना झाली आणि एकेक वक्ता उठू लागला. सिस्टरनी कधी रजा घेतली नाही. सिस्टरना थकवा म्हणून माहीतच नव्हता. शेवटी सरपंच उठले आणि म्हणाले, "सिस्टर गावासाठी झिजल्या. कधीबी जा, त्यांच्या दाराला आपण कुलूप म्हून बघितलं न्हाई!" बायकांमधून हुंदके आले. मी दादाकडं पाहिलं. तोही खाली मान घालून बसला होता… आणि तशातही तो हसू दाबत होता. कारण त्या दाराला कुलूप होतं. कितीतरी वर्षं दर रविवारी होतं. आणि ते सगळ्यात आधी धरून गदागदा हलवणारा माणूस हाच, आत्ता माईकपुढं डोळ्याला रुमाल लावणारा! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही. मी माईक घ्यायला उठले, तर दादानं हात धरला. "आज नको गं," म्हणाला. मी बसले, पण समोर उपकेंद्रात नव्यानं आलेली नर्स पोरगी बसली होती, आणि प्रत्येक भाषणागणिक ती जागच्या जागी आणखी आक्रसत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला तेवढ्या लांबून दिसत होती.

म्हणून जे खरं ते आता लिहून टाकते. वहिनी थकली होती. दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. ही झोपून उठली की आणखी थकलेली असायची. सुरुवातीला हौस दांडगी होती. उपकेंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ते बंद झालं की लोक घरी. बीपी बघा, पोराला जुलाब लागलेत, सासूला चक्कर यायलीय. एकानं तर बैलाच्या खांद्याची जखम दाखवायला बैलच दारात आणून उभा केला. ही हातातला घास ताटात टाकून उठायची. लसीकरण, बाळंतपणं, तालुक्याच्या बैठका हे होतंच. पुढं ते सगळं मोबाईलवर भरायचं आलं, आणि गावात रेंज नाही म्हणून ही बाई मोबाईल उंच धरून गच्चीवर उभी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माहिती का आली नाही, हे साहेब रोज विचारायचे. तुला बरं आहे का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

एका उन्हाळ्याच्या सुटीत मी माहेरी गेले होते. ज्वारी निवडता निवडता, वर न बघता ती म्हणाली, "छाया, परवा एक बाळंतपण केलं. पोरगं रडलं, अन् मला काईच वाटलं न्हाई गं. पयले बाळ रडलं की माझ्या डोळ्याला पाणी यायचं. आता वाटलं, चला, एक काम निपटलं." पुढं म्हणाली, "अन् काल गयाबाईच्या अंगावर ओरडले. मरायला रोज रोज माझ्याकडंच कामून येता, म्हणले… मी म्हणले असं." गयाबाई म्हणजे शेजारची एकटी म्हातारी. तिच्यावर ओरडावं एवढं तिनं वहिनीचं काय वाकडं केलं होतं, ते वहिनीलाच कळत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती बसली होती. मी तिला परभणीला डॉक्टरकडं नेलं. रक्त, थायरॉईड, कार्डिओग्राम, सगळं व्यवस्थित निघालं. परतीच्या एसटीत ती तोंड पाडून बसली. "काईतरी निघायला पायजे होतं. रजा मागायला तोंड तरी ऱ्हायलं असतं," म्हणाली. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. घरी आलो तर दादा म्हणतो, काम कुणाला चुकलंय? मी म्हटलं, बैलाला तरी दुपारचं सोडतोस ना रे?

मग त्या रविवारी जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली. बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली. मला काय सुचलं कोण जाणे, मी मागच्या दारानं वळसा घालून पुढं गेले, कोयंड्याला कुलूप ठोकलं आणि गयाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. थोड्याच दिवसांपूर्वी शिव्या खाल्लेली ती म्हातारी एवढंच म्हणाली, "झोपू दे लेकराला." लोक आले, कुलूप पाहून परत गेले. कुणी मेलं नाही. वहिनी उठली ती दिवेलागणीला, आणि माझ्यावर धावूनच आली. "एखादीला कळा सुटल्या असत्या म्हंजे? साप चावला असता म्हंजे? नर्स तू हायस का मी?" तिचं म्हणणं खरंच होतं. दोन दिवस अबोला झाला. मग आपणहून जवळ येऊन म्हणाली, "झोप मात्र लय चांगली लागली गं."

तोडगा तिनंच काढला. रविवारी जेवणापासून चहापर्यंत पुढच्या दाराला कुलूप. मागचं दार उघडं, पण फक्त कळा, साप आणि अपघात यांच्यासाठी. हे तिनं घरोघर जाऊन सांगितलं. पहिल्याच रविवारी हे सरपंच, तेव्हा नुसतेच तरणेबांड, आदल्या दिवशीची उतरवायला सलाईन पाहिजे म्हणून आले. कुलूप हलवून ओरडले, "सिस्टर, आत हायत तुमी, मला म्हाईत हाय!" आतून आवाज आला, "कुलूप दिसायलंय ना? मंग मी घरी न्हाई!" गावभर हसू झालं आणि त्या हशातच कुलूप पचलं. साहेब कुरकुरले, तर म्हणाली, एक बाळंतपण चुकलं तर बोला. एकही चुकलं नाही. मागचं दार वाजलं की ती पायात चप्पल घालतच बाहेर पडायची. पुढच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "वाडीवरच्या सुनेला पोरगी झाली. रडली बग लगेच… अन् मी बी."

म्हणून सांगते, वहिनी झिजून गेली नाही. झिजत होती तेव्हा आपणच तिला झिजवत होतो, आणि त्यातून ती उठली. ते पुसून तुम्ही कधी न थकणारी बाई उभी केलीत, तर त्या नव्या पोरीनं काय करायचं? तिनं कुणाकडं बघून कुलूप लावायचं?

गेल्या रविवारी मी पुन्हा गावी गेले. पुढचं दार सताड उघडं होतं आणि नेहमीच्या खुंटीवर कुलूप नव्हतं. "कुलूप कुठंय रे?" मी विचारलं. दादानं उपकेंद्राकडं बोट केलं. मी तिकडं गेले. नव्या नर्सच्या खोलीच्या पुढच्या दाराला वहिनीचं जुनं पितळी कुलूप लटकत होतं. पायरीवर, सावलीला, पार वाकलेली गयाबाई बसली होती. तेवढ्यात एक बाई मोठमोठ्यानं हाका मारत आली. गयाबाईनं काठी आडवी धरली.

"कळा सुटल्यात का?"

"न्हाई, जरा बीपी…"

"मंग चहाच्या वक्ताला ये," गयाबाई म्हणाली. "अन् हळू बोल. सिस्टर झोपल्यात."