दिवा कुणी विझवायचा

चार मास्तरणी इंग्रजी शिकायला बसल्या की किस्से आपोआप साठतात. इंग्रजी तेवढं साठत नाही!

जळगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत हुकूम आला, मास्तरणींना इंग्रजी बोलता आलं पाहिजे, परीक्षा होणार. आम्ही तिघी कायम होतो. गोदाक्काची नोकरी मात्र या परीक्षेवर. नवरा गेलेला. नापास झाली की एरंडोलचा दीर तिला चुलीपुढे बसवायला घेऊन जाणार होता.

शिकवायला नाना, तारऑफिसातून रिटायर झालेले. म्हणायचे, "इंग्रज क्रियापदाला अप, डाऊन, आउट अशी शेपटं लावतो. पाठ करू नका, करून दाखवा!"

'सिट डाऊन' मला लगेच आलं. 'गेट अप'ला दोघींनी हात दिला.

*

'पुट आउट' म्हणजे विझवणं. नानांनी भरदुपारी दिवा लावला. "फुंका!"

कुणी हलेना.

"नाना, दिवा फुंकतं का कुणी?" गोदाक्का म्हणाली.

"मग हातानं विझवा."

"विझवा नका हो म्हणू. शांत करा म्हणा."

"बरं, शांत करा!"

"आत्ता तर लावलाय!"

तेल संपेपर्यंत आम्ही चहा घेतला.

*

'रन आउट' म्हणजे संपणं. नानांनी साखरेचा रिकामा डबा उपडा केला. आता घरात काही 'संपलं' म्हणायचं नसतं, 'आणायचंय' म्हणायचं. मी ठणकावून म्हटलं, "शुगर विल कम!"

नानांनी कपाळाला हात लावला.

*

'गो अवे' म्हणजे निघून जाणं. पण निघताना 'जाते' कोण म्हणतं? उंबऱ्यात ओळीनं उभ्या राहून आम्ही चौघी म्हणालो, "आय विल कम बॅक!"

"नका येऊ!" नाना म्हणाले.

*

परीक्षेला धुळ्याहून गोऱ्या मॅडम आल्या. मी 'सिट डाऊन'वर निभावून नेलं. गोदाक्काचा दीर सकाळीच टांगा घेऊन हजर. "वैनी, बठ्ठं सामान बांधी ठेवा." तिची ट्रंक त्यानं टांग्यात चढवलीसुद्धा.

गोदाक्का आत गेली. आम्ही तिघी दाराच्या फटीला डोळे-कान लावून.

मॅडमनी विचारलं, दिवा 'पुट आउट' कसा करता?

"वी डू नॉट," गोदाक्का म्हणाली.

'रन आउट'चं वाक्य?

"शुगर विल कम." हे माझ्याकडून शिकलेली!

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. नापास, म्हणाल्या. यू मे गो.

गोदाक्का उठली. पदर सारखा केला. उंबऱ्यात थांबून वळली.

"आय विल कम बॅक."

मॅडमनी मान वर केली. "व्हेन?"

"टुमारो, मॅडम. इलेव्हन. स्कूल ओपन्स."

मॅडमनी निकालाचा कागद पुन्हा पुढे ओढला. मग पेनाचं टोपण पुन्हा निघाल्याचा आवाज आला.

आम्ही तिघी टांग्यातल्या ट्रंकेकडे धावलो.

"हाई काय शे?" दीर ओरडला.

'टेक डाऊन' नानांनी शिकवलंच नव्हतं. आम्ही करून दाखवलं.