कॉम्प्युटरमधलं हापशाचं पाणी

तुमच्या वस्तीचं पाणी खराब आहे, असं तुमच्या सगळ्यात जवळच्या मित्रानं तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही पाणी तपासाल की मित्राला?

मी मित्राला तपासलं. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची ही गोष्ट आहे.

शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात, बौद्धवस्तीत, पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्या घरी. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला होता. त्याआधी आमच्या घरात छापील गोष्ट म्हणजे पत्रकं. वडील चळवळीतले, मी अक्षरं शिकलो ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. त्यामुळे कॉम्प्युटर आला तेव्हा मला एवढंच कळलं, की आता मथळे आपण करायचे.

नवी पाणीयोजना गावात आली होती आणि तिची पाईपलाईन वेशीपाशी थांबली होती. आम्हाला हापसा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायला मी वस्तीतल्या बायकांच्या जबान्या घेत होतो. त्या जमिनीवर बसून सांगायच्या, मी समोर बसून थेट टाईप करायचो. किती खेपा, कितीला उठावं लागतं, पाणी भरताना कोण काय बोललं. कागदावर काहीच नव्हतं. फ्लॉपीचा ड्राइव्ह बंद होता. जे होतं ते त्या एका डब्यात.

आणि डबा तापायचा. वर पत्रा, एप्रिल महिना. पंधरा मिनिटं झाली की मशीन आपोआप बंद. एखादी म्हातारी नवऱ्याच्या आजारपणाबद्दल सांगत असायची आणि पडदा काळा व्हायचा.

माझा मित्र गावातल्या मराठा घरातला. रस्त्यावर त्यांचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. चुलता ग्रामपंचायतीत सदस्य. हा रोज आमच्याकडं यायचा, आईच्या हातची भाकरी खायचा आणि जाताना तिला जय भीम करायचा. शिरूरच्या सायबर कॅफेत त्यानं वाचलं, की परदेशात पोरं कॉम्प्युटर पाण्यानं गार करतात. चार पानांची प्रिंट घेऊन आला.

"आरं, ह्ये तर ठिबकच हाय," तो म्हणाला. "फक्त थेंब पडू द्यायचा न्हाई."

दीड महिना आम्ही तेच केलं. कोरेगाव भीमाला एका कारखान्यात लेथवर असलेल्या त्याच्या ओळखीच्या माणसानं तांब्याच्या जाड तुकड्यात पाणी फिरायला खाचा पाडून दिल्या. तो तुकडा प्रोसेसरवर बसवला. यवतच्या भंगारवाल्याकडून मोटारीच्या हीटरचा ॲल्युमिनियमचा छोटा रेडिएटर आणला आणि कॅबिनेटच्या डोक्यावर, पंख्याखाली ठेवला. पंप कूलरचा, लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत बुडवलेला. पाईप गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक. पाईप आवळायचे क्लॅम्प त्याच्या दुकानातले. मशीन बंद ठेवून दिवसभर नुसतं पाणी फिरवून पाहिलं. प्रत्येक जोडाखाली आम्ही माझी चुकलेली पत्रकं अंथरली होती, थेंब पडला तर शाई पसरेल म्हणून. एकही अक्षर ओलं झालं नाही.

मग कायमचं पाणी भरायची वेळ आली. त्यानं पिशवीतून बॅटरीच्या पाण्याचा, म्हणजे क्षार काढलेल्या शुद्ध पाण्याचा कॅन काढला.

"ह्ये कशाला? हापसा आटलाय का?"

"हापशाचं नगं. लय खारं हाय. आमच्या गिऱ्हाइकांचे ड्रिपर असल्याच पाण्यानं बुजत्यात. ॲसिड सोडावं लागतंय."

"आमची माणसं पित्यात की."

"माणसं पित्यात ती बी चूकच हाय."

ग्रामसभेत म्हणायचं वाक्य तेच होतं. मी मात्र वेगळंच ऐकलं. "तुमच्या विहिरी गोड आन् आमचं खारं. आता आमच्या कॉम्प्युटरला बी तुमच्याकडचंच पाणी लागणार व्हय?"

"विहिरीचं कुठं हाय, लेका. पेट्रोल पंपावरनं आणलंय. भांडायचं तर भांड, पर आधी झाकण उघड."

मी हापशावरून बादली भरून आणली आणि त्याच्या देखत बरणीत ओतली. ज्या पाण्यासाठी लढतोय तेच पाणी या मशीनमधून फिरेल, असं काहीतरी मोठ्यानं बोललोही. तो "मशीन तुझं हाय," म्हणाला, आणि रेडिएटरच्या तोंडावरचा क्लॅम्प स्क्रू-ड्रायव्हरनं नीट आवळून दिला.

मशीन चाललं. मे महिन्यातल्या भर दुपारी तास-तास चाललं. बायका पाईपकडं बघत बसायच्या. एकजण म्हणाली, "माझ्या खेपंचं पाणी कॉम्प्युटर पितोय, आन् हंडा मलाच वाहायला लागतोय." आम्ही दोघं हसून लोळलो. मला वाटतं, आयुष्यात मी तेवढा सुखी पुन्हा झालो नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी बाहेरून आलो तर कॅबिनेटखाली पाणी होतं. रेडिएटरचं तोंड ओलं, मदरबोर्ड ओला, हार्डडिस्कमधून पाणी निथळत होतं. मशीन पुन्हा सुरू झालं नाही. सगळ्या जबान्या गेल्या.

सकाळी तो येऊन गेला होता. क्लॅम्प त्यानंच आवळला होता. चुलता पंचायतीत. माझं डोकं पत्रकासारखं चाललं: तीन ओळी, एक निष्कर्ष. क्लॅम्प त्यानं मुद्दाम ढिला केला.

आई म्हणाली, "त्याला इचारलंस का?"

"अशा माणसाला इचारायचं नसतं."

"चार महिनं माझ्या ताटात जेवलाय त्यो."

मी ऐकलं नाही. हातानं पत्रक लिहिलं, शिरूरला जाऊन झेरॉक्स काढल्या आणि गावभर वाटल्या. योजनेत वस्तीला डावललं, हे त्यात होतं आणि ते खरं होतं. त्याच्याखाली, वस्तीचा पुरावा पाण्यात बुडवला असं लिहून त्याचं नाव घातलं होतं, बापाच्या नावासकट.

तो आमच्या दारात आला. मी आतल्या खोलीतून बाहेर गेलो नाही. त्यानं आईला जय भीम केला आणि परत गेला.

वस्तीनं त्याला शिव्या दिल्या, ते मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते गावानं केलं. चुलत्याच्या माणसांनी त्याला चौकात बोलावून चहा पाजला. पाठीवर थाप मारली. "बेस केलंस." तो म्हणाला, मी काही केलं नाही. ते हसले, "आम्हाला काय सांगतो?" न केलेल्या गोष्टीसाठी एका बाजूनं थुंकावं आणि दुसऱ्या बाजूनं हार घालावा, असं त्याचं झालं. महिन्याभरात तो आत्याकडं दौंडला निघून गेला आणि मोटार रिवायंडिंगच्या दुकानात लागला.

इकडं मशीन बुडालं तेव्हा ग्रामसभेला जेमतेम चार दिवस उरले होते, मी पुन्हा जबान्या घ्यायला निघालो. बऱ्याच जणी बोलल्या नाहीत. "एकदा सांगितलं की बाळा. ते परत कसं सांगू?" त्या वर्षी पाईपलाईन आली नाही.

दोन वर्षांनी नोकरीसाठी मीही दौंडला खोली घेतली. नवं मशीन जोडायचं मनात होतं, म्हणून तो रेडिएटर धुवायला एका मेकॅनिक मामांकडं नेला. पाईपचा तुकडा आणि क्लॅम्प अजून तोंडावर होता. मामांना तो काढायला जोर लावावा लागला. "कुणी आवळलाय? चांगला आवळलाय," ते म्हणाले. मग त्यांनी रेडिएटरमध्ये हवा भरून तो टाकीत बुडवला. बुडबुडे मधल्या नळीतून आले. तोंडापाशी एकही नाही.

"ह्यो आतनं खाल्लाय. पाणी कसलं घातलं व्हतं?"

"हापशाचं. पुढं तांब्याचा तुकडा होता."

"खारं पाणी, त्यात तांबं, मग ॲल्युमिनियम ऱ्हाईल व्हय? बॅटरीचं पाणी घालायचं. कुणी सांगितलं न्हाई का?"

मी तिथूनच त्याच्या दुकानात गेलो. तो मोटारीला तार गुंडाळत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं हात थांबवला नाही.

"मी केलं न्हाई, ह्ये मला म्हाईतच हाय की. तू मला नवीन काय सांगतोयस?"

मी हातातला रेडिएटर त्याच्या बाकावर ठेवला.

"मला नगं सांगू," तो म्हणाला. "गावाला सांग. छापलं तसं छाप."

मी हो म्हणालो. गावी जाऊन चळवळीतल्या कार्यकर्त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पाण्याचं प्रकरण तालुक्याला चाललंय. आत्ता हे छापलंस तर बाकीचंही खोटंच होतं म्हणतील. मला ते पटलं. पटवून घेतलं, हे जास्त खरं. पुढच्या वर्षी वस्तीत नळ आला. तेव्हा मी म्हणालो, आता कशाला जुनं उकरायचं. अन्याय खपवून घेऊ नका, असं ज्यानं शंभर वेळा छापलं, त्यानं स्वतः केलेला अन्याय एवढा सहज खपवला.

शेवटी त्याच्या दुकानात गेलो तेव्हा तो तिथं नव्हता. मालक म्हणाले, गुजरातकडं गेला, पत्ता ठेवला नाही. गावात त्याच्या घरचे माझ्याशी बोलत नाहीत. गावातले काही जण अजून त्याची ती गोष्ट शाबासकीनं सांगतात.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते मी एकदा छापलंय, तेवढं पुरे. पण आमच्या भागातल्या लोकांना पत्रकं जपून ठेवायची सवय आहे. पेटीत, फाईलमध्ये, फोटोच्या मागे तो झेरॉक्सचा कागद कुणाकडं तरी असणार. तो फाडू नका. त्यातलं पाण्याचं म्हणणं खरं आहे. फक्त पेन घ्या, शेवटच्या परिच्छेदातलं ते नाव वाचता येणार नाही असं खोडा, आणि त्या जागी माझं नाव लिहा. पत्रकाच्या खाली सही आहे, तिथून बघून लिहा.