चिंचेनं घासलेली तार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नववीत होते. आमची शाळा बारामती-इंदापूर रस्त्याला लागून. दरवर्षी इंदापूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरायचं आणि आमच्या शाळेत त्याची एक ठरलेली रीत होती. उपकरण मुलांनी करायचं, तक्ता मुलींनी रंगवायचा. मी दोन वर्षं तक्ते रंगवले, एकदा हृदयाचा, एकदा सूर्यमालेचा. त्या वर्षी सर म्हणाले, "विद्युतचुंबकाचा तक्ता कर." मी म्हणाले, "सर, मी विद्युतचुंबकच करते."

वर्ग हसला. सर तसे वाईट नव्हते, पण रीत मोडायची म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "शुक्रवारी करून दाखव," ते म्हणाले. "दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन उचललं तर उपकरण. नाहीतर मुकाट्यानं तक्ता."

मला विद्युतचुंबक आवडायचा, कारण तो सांगितलेलं ऐकतो. शाळेच्या पेटीतला पट्टीचुंबक टाचण्यांना एकदा चिकटला की सोडायचं नाव घेत नसे. याचं तसं नाही. लोखंडी बोल्टवर तार गुंडाळून तिच्यातून करंट सोडला की बोल्ट चुंबक होतो. करंट तोडला की पुन्हा नुसता बोल्ट. वेढे जितके जास्त, तितका जोर जास्त. पुस्तकात एवढंच होतं आणि मला ते पुरेसं वाटलं.

तार घरातच होती. आमच्या विहिरीवरची मोटर जळाली होती. बारामतीच्या मिस्त्रींनी तिच्यात नवी तार भरून दिली आणि आतली तांब्याची जुनी तार वडिलांनी घरी आणली. भट्टीत भाजून सोडवल्यामुळं ती काळीकुट्ट झाली होती. आमच्या घरात तांब्याला एकच न्याय. घागर असो की घंगाळ, काळं पडलं की चिंच, मीठ आणि राख. मी मोरीपाशी बसून ती तार वीत वीत करत घासली. आई म्हणाली, "आता कशी सोन्यावानी दिसती!" मलाही वाटलं, तार जेवढी स्वच्छ तेवढा करंट जोरात.

शुक्रवारी नांगराच्या बोल्टवर दीडशे वेढे घट्ट घालून नेले. वडिलांच्या बॅटरीतले दोन सेल जोडले. वजन राहिलं बाजूला, टाचणी जेमतेम थरथरली. सेल मात्र तापले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तार लई चकाचक हाय, भांडी घासायला बसवा हिला!" मला रडू आलं नाही, इतका राग आला. मी सरांकडं अजून एक शुक्रवार मागितला. विषय मिटावा म्हणून त्यांनी दिला.

बाजारच्या दिवशी वडिलांबरोबर बारामतीला गेले ती थेट मिस्त्रींच्या दुकानात. त्यांनी बोल्ट फिरवून बघितला, तारेवर नख ओढलं.

"घासली कशानं?"

"चिंचंनं."

मिस्त्री मांडीवर थाप मारून हसले. "आगं, ही काय पाण्याची घागर हाय व्हय? तारंवर वार्निश असतं. भाजताना ते जळालं, उरलंसुरलं तू काढलं. आता तारंला तार भिडली. करंट लई आळशी. तो येढं कशाला घालत बसंल? शेजारच्या तारंवर पाय दिऊन सरळ पल्याड जातो. त्याला फिरवायचा तर मधी आडोसा पायजे."

त्यांनी नव्या तारेचं रीळ काढलं. मी नको म्हणाले. माझं हसं ज्या तारेनं केलं, वजन तिनंच उचलायचं होतं.

"हिलाच आडोसा न्हाय का करता येणार?"

मिस्त्रींनी रीळ परत जागेवर ठेवलं. "येतो की. आदी तारंवर सूतच असायचं. पर येक जागा जरी उघडी ऱ्हायली, तरी समदी मेहनत पाण्यात."

आईकडं गोधडीचा दोरा होता. शाळेतून आलं की दिवस मावळेपर्यंत मी तारेवर दोरा गुंडाळायचे. बोटांना चरे पडले. दोनदा मध्येच तांबं चमकताना दिसलं, म्हणून तेवढं सगळं उसवलं. तिसऱ्या दिवशी आई दुसऱ्या टोकाकडून गुंडाळायला बसली. "येवढ्यात दोन तक्तं झालं असतं," ती म्हणाली, पण हात काही थांबवला नाही.

शुक्रवारी माझा बोल्ट जाडजूड आणि मळकट दिसत होता. नवे सेल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधले होते. तारेचं एक टोक पट्टीखाली पक्कं खोचलं, दुसरं अंगठ्यानं दाबलं आणि बोल्ट वजनाला टेकवला. खट्ट आवाज झाला. बोल्ट उचलला, तसं वजनही वर आलं.

सर वाकून बघत होते. "छान झालंय," ते म्हणाले. "पण इंदापूरला परीक्षकांपुढं बोलावं लागतं. नाव एखाद्या मुलाचं देऊ. तू मदतनीस."

तारेचं टोक तापायला लागलं होतं, अंगठा भाजत होता. वजन अजून वरच होतं.

"सर, नाव माझं लिहा."

"अगं, आधी ते खाली ठेव. सेल संपतील."

"लिहा, मग ठेवते."

सरांनी एकदा वजनाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग वही उघडून लिहिलं. मी म्हणाले, "दाखवा." त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. मी माझं नाव आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं आणि मगच अंगठा उचलला. वजन टेबलावर आदळलं.